पद्मिनी काळा धूर टाकते आणि पेट्रोल फार ओढते: मिश्रण रिच होण्याची कारणे क्रमाने कशी तपासावीत

प्रीमियर पद्मिनीबद्दल माझ्याकडे वर्षानुवर्षे येणारी तक्रार एकच आहे. गाडी पेट्रोल फार ओढते, सायलेन्सरमधून काळा धूर येतो आणि सिग्नलला थांबली की घुसमटून बंद पडते. माझ्या स्वतःच्या गाडीत आणि ओळखीच्यांच्या गाड्यांत हा दोष मी इतक्या वेळा शोधला आहे की त्याची एक ठरलेली वाट तयार झाली आहे, आणि तीच येथे लिहीत आहे. हे लिखाण १०८९ सीसी इंजिन आणि सोलेक्स ३२ पीबीआयसी कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारे यंत्र) असलेल्या गाडीसाठी आहे. इतर जुन्या गाड्यांनाही त्यातले बरेचसे लागू पडेल, मात्र चोकविषयीचा (थंड इंजिनासाठी पेट्रोल वाढवणाऱ्या यंत्राविषयीचा) भाग तसाच्या तसा लागू पडणार नाही.

रिच म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. एक किलो पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण बिघडून पेट्रोल वाढले की न जळलेल्या कार्बनची काजळी प्लगवर आणि सायलेन्सरच्या तोंडाशी बसते, कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि त्याहून वाईट म्हणजे जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचे ऑइल धुऊन नेते व पिस्टनच्या रिंगा लवकर झिजवते. त्यामुळे हा प्रश्न केवळ पेट्रोलच्या खर्चाचा नाही.

लक्षणे

इंजिन गरम झाल्यावरही येणारा काळा धूर, सायलेन्सरच्या तोंडाशी बोट फिरवल्यास लागणारी कोरडी काळी काजळी, मागे उभे राहिल्यास डोळ्यांची होणारी जळजळ, घसरलेले ॲव्हरेज, स्लो स्पीडला (गाडी उभी असून ॲक्सिलरेटर न दाबता) एका लयीत न चालता गचके खात चालणारे इंजिन, आणि थंड असताना लगेच सुरू होणारी पण गरम असताना दहा मिनिटे थांबल्यावर सुरू होण्यास कुरकुरणारी गाडी, ही नेहमीची लक्षणे आहेत. यातले शेवटचे लक्षण मला सर्वांत बोलके वाटते, कारण थंड इंजिनाला रिच मिश्रणच हवे असते आणि त्यामुळे सकाळी दोष झाकला जातो. पीयूसी केंद्रावरची चिठ्ठीही हेच सांगते. भारत स्टेज २ च्या आधीच्या पेट्रोल चारचाकींसाठी स्लो स्पीडला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. आकडा ६ किंवा ७ दाखवत असेल तर तर्क करण्याची गरज उरत नाही.

धुराचा रंग मात्र नीट पाहावा. निळसर धूर आणि तेलकट ओली काजळी असेल तर इंजिन ऑइल जाळत आहे आणि त्याचा कार्ब्युरेटरशी संबंध नाही. गरम इंजिनातून सतत पांढरी वाफ येत असेल तर पाणी आत जात असण्याची शक्यता आहे. या दोन्ही बाबतींत पुढचे काहीही करू नये.

पान्याला हात लावण्याआधी: प्लग पाहणे

गाडी पूर्ण गरम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० ते ५० किलोमीटरच्या स्थिर वेगाने चार-पाच किलोमीटर चालवावी, स्लो स्पीडवर न ठेवता बाजूला घेऊन लगेच बंद करावी आणि थोडी निवल्यावर चारही प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने ओळीत ठेवावेत. चारही प्लग कोरडे काळे असतील तर मिश्रण रिच आहे. एकच काळा आणि बाकीचे तीन विटकरी-करड्या रंगाचे असतील तर कार्ब्युरेटरला दोष देता येत नाही, कारण एकच कार्ब्युरेटर चारही सिलिंडरना पुरवठा करतो आणि त्याने तिघांना योग्य व चौथ्याला जास्त पेट्रोल देणे संभवत नाही. तेथे त्या सिलिंडरची प्लगवायर, प्लग किंवा कॉम्प्रेशन पाहावे लागेल. ही एक चाचणी केली असती तर कितीतरी कार्ब्युरेटर विनाकारण उघडले गेले नसते.

त्याच वेळी दोष कोणत्या वेगाला आहे हेही लिहून ठेवावे. फक्त स्लो स्पीडला त्रास असेल तर संशय मिक्श्चर स्क्रू आणि चोककडे जातो, फक्त वेगात काळा धूर येत असेल तर जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रे) आणि एअर फिल्टरकडे, आणि सर्वच वेगांना त्रास असेल तर चेंबरमधल्या (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यातल्या) पेट्रोलच्या पातळीकडे. ही विभागणी शंभर टक्के खरी ठरत नाही, पण शोध कोठे सुरू करायचा ते ती सांगते.

चोक

यासाठी पैसे लागत नाहीत आणि पाच मिनिटे पुरतात, म्हणून ही तपासणी पहिली. सोलेक्स पीबीआयसीमध्ये आपण ज्याला चोक म्हणतो तो घशातला (कार्ब्युरेटरमधल्या हवेच्या मार्गातला) पडदा नसतो. कार्ब्युरेटरच्या अंगालाच एक छोटे वेगळे यंत्र जोडलेले असते, ज्यात एक चकती फिरते आणि थंड इंजिनासाठी पेट्रोलची स्वतंत्र वाट उघडते. त्यामुळे वरून घशात डोकावून पडदा उघडा आहे का ते पाहण्याची सवय येथे उपयोगी पडत नाही. बाहेरची लिव्हर पूर्ण परत आली आहे का, एवढेच पाहता येते.

डॅशबोर्डवरचे बटण पूर्ण आत ढकलावे आणि बॉनेट उघडून ती लिव्हर बोटाने बंद होण्याच्या दिशेने आणखी ढकलून पाहावी. ती एखादा मिलिमीटर जरी पुढे सरकली तरी चोक अर्धवट उघडा राहत होता असे समजावे. इंजिन गरम असून सुरू असेल तर लिव्हर दाबताच आवाज बदलतो आणि स्लो स्पीड सुधारते. केबल गंजलेली असते, तिचा बाहेरचा पाइप कोठेतरी वाकलेला असतो किंवा लिव्हरजवळचा स्क्रू बसवताना केबल ताणून बांधलेली असते. बटण पूर्ण आत असताना केबलमध्ये दोन-तीन मिलिमीटरची ढील असायलाच हवी. गंजलेली केबल ऑइलमध्ये भिजवून काही दिवस चालते, पण बदलणे बरे.

चोकच्या बटणाला हातातली पिशवी अडकवून ठेवण्याची सवय या गाडीच्या मालकांमध्ये इतकी जुनी आहे की तिच्यावर विनोद झाले आहेत. मी स्वतः दोन रविवार जेट साफ करण्यात घालवल्यावर माझ्या गाडीतला दोष भाजीच्या पिशवीचा निघाला होता. पिशवीच्या वजनाने बटण जेमतेम अर्धा सेंटिमीटर बाहेर येत होते.

एअर फिल्टर

हवा आत येण्यास अडथळा झाला की कार्ब्युरेटरच्या घशातला दाब कमी होतो आणि जेटमधून पेट्रोल जास्त ओढले जाते. फिल्टर काढून गाडी थोडी चालवावी, धूर स्पष्ट कमी झाला तर नवा फिल्टर घालावा आणि विषय संपवावा. फिल्टरशिवाय गाडी कायम चालवणे मात्र चुकीचे आहे, कारण आपल्याकडच्या धुळीने रिंगा आणि जेट दोन्ही खराब होतात. कागदी फिल्टर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवण्याची पद्धतही सोडावी, कारण धुतल्यावर कागद आक्रसतो आणि त्याचा अडथळा आणखी वाढतो.

येथे उंचीचाही उल्लेख करतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि तेथील हवा मुंबईपेक्षा दहा-बारा टक्के विरळ असते. कार्ब्युरेटरला हे कळत नाही. मुंबईत नीट लावलेली गाडी तेथे थोडी रिच चालणारच, आणि घाट उतरल्यावर आपोआप ठीक होणारच. या कारणासाठी वर पोहोचल्यावर स्क्रू फिरवू नये.

कार्ब्युरेटरवर येणारा खोटा आळ

स्पार्क कमजोर असेल तर मिश्रण योग्य असूनही पुरते जळत नाही आणि प्लग काळे पडतात. त्यामुळे पॉइंट आणि कंडेन्सर (डिस्ट्रिब्यूटरचे, स्पार्क घडवणारे भाग) पाहावेत, पॉइंटचे तोंड जळलेले असल्यास बदलून फट गाडीच्या पुस्तकाप्रमाणे ठेवावी, आणि प्लग योग्य हीट रेंजचे आहेत का ते पाहावे. हे भाग स्वस्त आहेत आणि तसेही ठरावीक काळाने बदलायचेच असतात, म्हणून संशय असल्यास बदलून टाकावेत.

थर्मोस्टॅटबद्दल (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेबद्दल) जरा अधिक लिहितो, कारण त्याकडे जवळजवळ कोणाचे लक्ष जात नाही. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा आपल्या गॅरेजांमध्ये सर्रास होती. तो नसला की रेडिएटरचे पाणी पहिल्या क्षणापासून फिरत राहते, इंजिन कधीच पुरेसे गरम होत नाही, आणि थंड मॅनिफोल्डच्या (मिश्रण सिलिंडरपर्यंत नेणाऱ्या नळ्यांच्या) भिंतींवर पेट्रोल थेंबाथेंबाने साचते. ते नीट वाफ होऊन जळत नाही, मालक चोक जास्त वेळ ओढून ठेवतो, आणि काजळी वाढत जाते. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात तक्रार वाढत असेल व तापमानाचा काटा मधल्या खुणेपर्यंत कधीच जात नसेल, तर आधी थर्मोस्टॅट आहे की नाही ते पाहावे. गाडी तापत असेल तर त्यावरचा उपाय रेडिएटर साफ करून घेणे हा आहे.

पेट्रोलची पातळी, न उघडता

येथून पुढे पेट्रोलशी थेट संबंध येतो. गाडी मोकळ्या हवेत उभी करावी, इमारतीच्या तळघरात नको. जवळ पावडरचे अग्निशामक असावे, विडी-सिगारेट दूर राहावी, आणि पेट्रोलची नळी किंवा झाकण काढताना बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवावी. सुरू इंजिनाच्या घशात डोकावताना चेहरा थेट वर नेऊ नये, कारण बॅकफायर झाल्यास ज्वाळा वर येते.

गाडी काही महिने उभी होती आणि त्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल, तर प्रथम स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या मुठीने चेंबरच्या बाजूवर हलके टिचकावे. वाळलेल्या पेट्रोलच्या चिकट थराने नीडल (चेंबरमध्ये येणारे पेट्रोल रोखणारी सुई) अडकलेली असते आणि अनेकदा एवढ्यानेच ती सुटते. सुटली तरी चेंबर साफ करावाच लागणार आहे हे गृहीत धरावे.

त्यानंतर एअर फिल्टर काढून, इंजिन स्लो स्पीडला असताना, बॅटरीच्या उजेडात घशात तिरके पाहावे. स्लो स्पीडला मुख्य नोझलमधून पेट्रोल ठिबकता कामा नये, कारण त्या वेळी इंजिनाला लागणारे पेट्रोल खालच्या वेगळ्या छिद्रातून जाते. नोझल ओले होऊन थेंब पडत असतील तर चेंबरमधली पातळी वाढली आहे. इंजिन बंद केल्यावर मिनिटभर पाहत राहावे. मे महिन्याच्या दुपारी गरम इंजिन बंद केल्यावर थोडे पेट्रोल उकळून वर येणे हा उष्णतेचा परिणाम असू शकतो, म्हणून खात्रीसाठी हीच तपासणी सकाळी थंड इंजिनावर करावी. इंजिन सुरू न करता पेट्रोल पंपाची हाताने चालवायची लिव्हर असल्यास ती चालवावी. चेंबर भरल्यावर लिव्हर सैल पडून विरोधाशिवाय हलायला हवी. ती सैल पडतच नसेल आणि घशात पेट्रोल उतरू लागले तर नीडल बंद होत नाही.

माझी आवडती चाचणी याहून सोपी आहे. गरम इंजिन थोड्या रेसवर धरून ठेवावे आणि पंप व कार्ब्युरेटर यांमधली रबरी नळी गुळगुळीत जबड्याच्या चिमट्याने, नळी कापली जाणार नाही अशा बेताने, दाबून बंद करावी. चेंबरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन काही काळ चालत राहते. बंद पडण्याआधी त्याचा आवाज मोकळा झाला, वेग वाढला आणि धूर थांबला, तर पातळी खाली येताच मिश्रण सुधारले असा त्याचा अर्थ होतो, आणि दोष फ्लोट (पेट्रोलवर तरंगून नीडल बंद करणारा भाग), नीडल किंवा पंपाच्या दाबात आहे. अजिबात न सुधारता इंजिन तसेच घुसमटत बंद पडले, तर दोष चोकच्या चकतीत किंवा जेटमध्ये शोधावा. ठिसूळ जुनी नळी मात्र दाबू नये. आधी ती बदलावी आणि मग चाचणी करावी.

मिक्श्चर स्क्रू

बहुतेक जण सुरुवात येथूनच करतात आणि त्यामुळेच गुंता वाढतो. हा स्क्रू फक्त स्लो स्पीडचे मिश्रण ठरवतो. रस्त्यावर वेगात येणारा काळा धूर त्याने जात नाही. हात लावण्याआधी तो हलक्या हाताने आत फिरवत पूर्ण बंद होईपर्यंतचे आटे (फेरे) मोजावेत आणि आकडा कागदावर लिहावा. जोराने आवळल्यास त्याच्या टोकावर कंगोरा पडतो आणि मग तो कधीच नीट लागत नाही.

या मोजणीतूनच एक महत्त्वाची चाचणी होते. गरम इंजिन स्लो स्पीडला असताना स्क्रू पूर्ण बंद केला तर निरोगी इंजिन बंद पडले पाहिजे. ते तसेच चालत राहिले तर पेट्रोल दुसऱ्या वाटेने येत आहे. ती वाट वाढलेल्या पातळीची असेल, गळणाऱ्या चोकची असेल, किंवा थ्रॉटलचा (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या पडद्याचा) स्क्रू इतका आत फिरवलेला असेल की त्या पडद्याच्या कडेने पुढची छिद्रे उघडी पडली आहेत. अशा वेळी स्क्रूने मिश्रण लावण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. इंजिन बंद पडले, तर स्क्रू एक ते दीड आटा बाहेर काढून, फिल्टर बसवून, जेथे वेग सर्वांत जास्त होतो ती जागा शोधावी आणि वेग किंचित पडेपर्यंत तो आत घ्यावा.

जुन्या गाड्यांत आणखी एक प्रकार मी वारंवार पाहिला आहे. कार्ब्युरेटरखालचे गॅस्केट फाटलेले असते किंवा थ्रॉटलच्या दांड्याची भोके झिजलेली असतात आणि तेथून जादा हवा आत शिरते. इंजिन स्लो स्पीडला टिकत नाही म्हणून कोणीतरी मिक्श्चर स्क्रू तीन-चार आटे उघडून ठेवतो. दिसायला दोष रिचचा असतो, पण मूळ दोष नेमका उलटा, हवा गळण्याचा असतो. स्क्रू अडीच आट्यांपेक्षा जास्त उघडा सापडला तर मला आधी हाच संशय येतो.

झाकण उघडल्यावर

पातळीचा दोष सिद्ध झाला असेल तरच झाकण उघडावे. इंजिन पूर्ण थंड असावे, फोनने प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे, आणि घशात फडके घालावे, कारण तेथे पडलेला एक वॉशर काढण्यासाठी मॅनिफोल्ड उतरवावे लागते.

पितळी फ्लोट कानाशी नेऊन हलवावा. आत पेट्रोलचा आवाज आला तर त्याला बारीक भोक आहे. आवाज नसला तरी तो शेगडीपासून दूर आणलेल्या कढत पाण्यात बुडवून पाहावा, बुडबुडे निघाले तर भोक सापडले. आत पेट्रोल असलेल्या फ्लोटला कधीही सोल्डरचा डाग देऊ नये, तो फुटतो. रिकामा करून डाग दिला तरी शिशाच्या वजनाने तो जड होतो आणि पातळी पुन्हा वाढते, म्हणून मी फ्लोट बदलणेच पसंत करतो.

नीडलच्या शंकूवरून नख फिरवावे. नख अडकेल असा गोल चर दिसला तर नीडल तिच्या बैठकीसह बदलावी. फक्त एक बदलल्याने जोड जमत नाही. बैठकीखालच्या फायबर वॉशरकडे फारच कमी लोक पाहतात, आणि सोलेक्समध्ये पातळी ठरवणारी वस्तू तीच आहे. वॉशर जाड असेल तर नीडल खाली येते, फ्लोट तिला लवकर बंद करतो आणि पातळी कमी राहते. पातळ वॉशर घातला तर पातळी वाढते. वॉशर राहूनच गेला तर बैठकीच्या आट्यांमधून पेट्रोल गळत राहते आणि नवी नीडल घालूनही ओव्हरफ्लो थांबत नाही. बाजारातल्या किटमध्ये कधी दोन वेगवेगळ्या जाडीचे वॉशर येतात. जुना वॉशर फेकून देण्याआधी त्याची जाडी मोजून ठेवावी.

चेंबरच्या तळाशी काळे रबरी कण सापडले तर त्यांचा उगम शोधावा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल आल्यापासून जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या आतून मऊ होऊन झडतात आणि तो एक कण नीडलखाली अडकला की ओव्हरफ्लो सुरू होतो. नळ्या आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉल सोसणारा घेतल्याशिवाय हा त्रास परत परत येतो. गंमत अशी की इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल गाडीला किंचित लीनच करते. तेव्हा “नव्या पेट्रोलमुळे गाडी रिच झाली” हे म्हणणे थेट खरे नाही. त्याने खराब केलेल्या रबरामुळे ती रिच होते.

जेट

जेटवर कोरलेला आकडा म्हणजे छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२५ म्हणजे १.२५ मिलिमीटर. हे छिद्र तारेने घासून १.३० झाले तर फरक नजरेला दिसत नाही, पण क्षेत्रफळ ८ टक्क्यांनी वाढते. म्हणून जेट तारेने कधीही साफ करू नये, कार्ब्युरेटर क्लीनर आणि हवेचा दाब एवढेच वापरावे. ‘पिकअप’ वाढवण्यासाठी कोणीतरी पूर्वी जेट मोठे करून घेतलेले असू शकते आणि वरचा आकडा मात्र जुनाच असतो. संशय असल्यास पुस्तकातल्या आकड्याचे नवे जेट घालून पाहावे.

वरचे एअर करेक्शन जेट उलट वागते. ते हवा सोडते, म्हणून ते तुंबले की गाडी वेगात रिच होते. त्याखालच्या इमल्शन ट्यूबची (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या नळीची) बारीक छिद्रेही उजेडासमोर धरून पाहावीत.

चोकची चकती आणि पंप

नळी दाबण्याच्या चाचणीत सुधारणा झाली नाही, जेट ठीक निघाले, आणि मिक्श्चर स्क्रू बंद करूनही इंजिन चालत राहिले, तर चोकचे यंत्र उघडावे. त्यातली चकती आणि तिची बैठक या दोन सपाट पृष्ठभागांवरच सारी बंदिस्ती अवलंबून असते. चकतीवर ओरखडे असतील तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, ऑइल लावून, आठाच्या आकारात ती हलके घासावी. बैठक कार्ब्युरेटरच्या अंगातच असल्याने तिला घरी हात लावू नये.

पंपाचा दाब शेवटी येतो कारण त्याला गेज लागतो. अशा यांत्रिक पंपाचा दाब सुमारे २ ते ४ पीएसआय असतो. कोणी त्याच्या जागी इंजेक्शनच्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप बसवला असेल तर तो अनेक पट दाब देतो आणि कोणतीही नीडल त्याच्यासमोर टिकत नाही. पंप आणि ब्लॉक यांमधले जाड पॅकिंग काढून पातळ घातल्यानेही पंपाचा फटका आणि दाब वाढतो.

कोठे थांबावे

ऑइलची दांडी काढून वास घ्यावा. पेट्रोलचा वास येत असेल किंवा ऑइलची पातळी वाढलेली असेल तर गाडी सुरूच करू नये. पंपाचा डायफ्राम फाटला असेल किंवा ओव्हरफ्लोचे पेट्रोल खाली उतरले असेल, दोन्ही बाबतींत पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते. मूळ दोष मिस्त्रीकडून काढून आणि ऑइल बदलूनच गाडी पुढे चालवावी. कार्ब्युरेटरच्या बाहेरून पेट्रोल गळून गरम मॅनिफोल्डवर पडत असेल तर गाडी टोइंग करून न्यावी, ‘गॅरेज जवळच आहे’ म्हणून चालवत नेऊ नये.

थ्रॉटलचा दांडा हाताने वरखाली हलत असेल तर भोके रीम करून बुश बसवावे लागतात, आणि ते लेथवर काम करणाऱ्या कुशल माणसाचे काम आहे. चोकच्या चकतीची बैठक खराब असेल, झाकण किंवा खालची फ्लँज आवळून आवळून वाकलेली असेल, किंवा वरच्या सर्व तपासण्या नीट करूनही पीयूसीचा आकडा ३ टक्क्यांच्या खाली येत नसेल, तरीही थांबावे. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेल्या आणि रोज चार सोलेक्स उघडणारे हातही त्याबरोबर कमी झाले. असा मिस्त्री सापडला तर त्याच्याकडे गाडी देताना मिक्श्चर स्क्रूचे लिहून ठेवलेले आटे, प्लगची छायाचित्रे, जुना वॉशर आणि नळी दाबल्यावर काय झाले याची नोंद सोबत द्यावी. त्याचा अर्धा दिवस वाचतो, आणि तोही स्क्रूपासून सुरुवात करत नाही.